रेडिओचं अपील

चढावर सायकलवर बसणारा आणि उतारावर खाली उतरून सायकल हातात धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शाळेतले गणिताचे सर. शाळा पंचवटीत, आणि तिथून कोर्टात जायचं तर होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाचा चढ लागतो. त्या चढावर धडधाकट लोक सायकली ढकलत असायचे आणि आमचे सर मात्र सीटवरून उठून, दातओठ खात, पेडल मारत वर जायचे. परत येताना तोच रस्ता उतार व्हायचा, तर हे खाली उतरून हँडल धरून सावकाश चालत यायचे. मी एकदा न राहवून कारण विचारलं. म्हणाले, चढावर सायकल माझं ऐकते, उतारावर ती स्वतःच्या मनाची होते.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या जूनमध्ये मी त्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले. तेव्हा मी तेवीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि डोक्याने गरम. दोन्ही गुण अजून शाबूत आहेत. शिक्षक-खोलीत मला सरांशेजारची खुर्ची मिळाली, कारण ती कुणालाच नको होती. का नको होती ते मला आठवड्याभरात कळलं. सरांना 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. तुम्ही सहज म्हणालात, दहा मिनिटांत येते हं, की ते मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि तुम्ही परत आल्यावर मान वर न करता म्हणायचे, "चौदा." चित्रकलेच्या सरांनी तर या कारणावरून त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. बरोबर पाऊण वाजता सर डबा उघडायचे. आत नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. ती खिडकीपाशी उभं राहून खायची. बसून खाल्लं की पुढच्या तासाला आकडे हलतात, असं त्यांचं म्हणणं.

पाव मार्काची गोष्ट तर शाळेत अजून सांगतात. संस्थेच्या एका बड्या माणसाचा भाचा वार्षिक परीक्षेत पावणेपस्तीसवर अडला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं, चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि मग पाव मार्काचा विषय काढला. सर म्हणाले, मी आणू कुठून, माझ्याकडे शिल्लक नाही. झालं. तो मुलगा नापास. मात्र त्या सुट्टीत रोज सकाळी सात वाजता सर त्या भाच्याच्या दारात हजर व्हायचे आणि फेरपरीक्षेपर्यंत त्यांनी त्याला असा काही पिळला की तो बासष्ट मार्कांनी पास झाला. बड्या माणसाने पेढे पाठवले. सरांनी एक घेतला आणि डबा परत पाठवला.

ते मूळचे पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे, कोकणा या आदिवासी समाजातले. त्या पाड्यावरून मॅट्रिक झालेला पहिला माणूस. वर्गात त्यांचं मराठी एकदम पुस्तकी, तोलूनमापून. पण कधी गावाकडचं कुणी शाळेच्या फाटकाशी आलं की ते धावत जायचे आणि त्याच्याशी वेगळ्याच बोलीत घडाघडा बोलायचे, हसायचे. शाळेच्या आत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

या माणसाची किरकोळ रजा वर्षातून एकदाही आजारपणात गेली नाही. सगळी कोर्टाच्या तारखांना जायची. मला हे समजलं ते मुख्याध्यापकांकडून. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. "सरांनी पोलिसांवर दावा लावलाय. तोही आणीबाणी चालू असताना. आपण यात पडू नये." मी तिथेच पडायचं ठरवलं. आमचं घर बौद्ध वसाहतीतलं. वडील छापखान्यात कामगार, पण अख्ख्या वसाहतीचे अर्ज तेच लिहायचे. कुणी मोठ्या साहेबाविरुद्ध कोर्टात गेलं की आमच्या अंगणात त्याची चर्चा आठवडाभर चालायची. शेजारच्या खुर्चीत साक्षात तसा माणूस बसतोय म्हटल्यावर माझा पाय जमिनीवर ठरेना.

सरांनी मला सगळी हकीकत सांगितली ती एका शनिवारी. सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत वकिलांकडे गेले होते, आणि परत येताना उतार होता, त्यामुळे आम्ही चालतच होतो.

नोकरी लागल्यावर सरांनी पहिल्या पगारात वडिलांसाठी ट्रान्झिस्टर घेतला. चामडी कव्हरचा, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचा. वडिलांना त्याचं इतकं वेड लागलं की नागली निंदतानाही तो झाडाच्या फांदीला टांगलेला असायचा. बाजारभाव लागले की हात थांबवून ऐकायचे. विकायला घरात काही नसे, तरी ऐकायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाड्यावरची माणसं चांदवडकडे कांदे काढायला जात, तसे एका साली तेही गेले, आणि काम संपल्यावर गळ्यात रेडिओ घालून गाणी ऐकत पायी घरी निघाले. वाटेत एक पोलीस ठाणं लागतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे त्यांना अडवलं. रेडिओ कुठला? पोराने दिला. पोरगा कोण? नाशकात मास्तर हाय. यावर तिथली माणसं हसली म्हणे. चार दिवस त्यांना आत ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती पुढे कधीच वाकली नाहीत.

आता, त्या काळात रेडिओला लायसन लागायचं. पोस्टातून एक पुस्तिका मिळायची आणि दरवर्षी तिच्यावर तिकीट लावून घ्यावं लागायचं. आजच्या मुलांना सांगितलं तर ती मला वेड्यात काढतात. सरांनी नियमाप्रमाणे ती पुस्तिका स्वतःच्या नावावर काढली होती, दरवर्षी वेळेत तिकीट लावलं होतं, आणि डोंगरातल्या पावसात खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नाशकात आपल्या ट्रंकेत, इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवली होती.

"मी ती बाच्या जवळ ठेवली असती तर," सर म्हणाले आणि थांबले.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी सायकल माझ्या हातात दिली, भिंतीकडे तोंड केलं, रुमाल काढून नाक शिंकरलं आणि सायकल परत घेतली. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस पोलिसांशी भांडतोय ते खरं, पण त्याहून जास्त त्या ट्रंकेशी भांडतोय. भरपाई त्यांनी नावापुरती मागितली होती. त्यांना हवं होतं एवढंच, की एखाद्या न्यायाधीशाने सही-शिक्क्यानिशी लिहावं, हा माणूस चोर नव्हता.

चौथ्या दिवशी सरांना निरोप मिळाला तेव्हा ते लायसन घेऊन ठाण्यावर गेले होते. पुस्तिका बघितल्यावर तिथल्यांनी वडिलांना बाहेर काढलं आणि रेडिओही देऊन टाकला. दुसरा कुणी असता तर बापाला खांद्यावर घेऊन पळत सुटला असता. आमचे सर तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, रेडिओ परत दिल्याची पावती द्या. मला हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आणता येतं. बाप कण्हतोय आणि मुलगा पावती मागतोय. तिथल्या एकाने थट्टेने म्हणा, ब्याद टळावी म्हणून म्हणा, अर्ध्या कागदावर लिहून दिलं, 'ट्रान्झिस्टर एक परत दिला.' खाली तारीख आणि काहीतरी सहीसारखं. अख्खा दावा त्या अर्ध्या कागदावर उभा होता.

खालच्या कोर्टात आम्ही हरलो. मी 'आम्ही' म्हणते, कारण तोवर निम्मी शाळा त्यात सामील झाली होती. पोलिसांचं म्हणणं असं, की या नावाचा माणूस आमच्या ठाण्यात कधी आलाच नाही, डायरीत त्याची नोंद नाही, आणि हा कागद कुणी लिहिला देव जाणे. वडिलांची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्हाला कोणत्या तारखेला पकडलं? म्हातारा म्हणाला, "मोहाला फुलं आली व्हती." वकील हसले. कोणता वार? "फुलं खाली पडाया लागली व्हती." सर माझ्या पुढच्या बाकावर होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की वादीला स्वतःच्या अटकेची तारीखही सांगता येत नाही.

मग अपील. जिल्हा न्यायालयात, वडिलांच्याच नावाने. आमचे वकीलसाहेब म्हातारे, तपकिरीचे शौकीन आणि बोलायला मोकळे. ते म्हणाले, अपिलात पुन्हा साक्षीपुरावा नसतो, कागद बोलतात, तेव्हा तुमच्या वडिलांना एवढ्या लांब आणायची गरज नाही. पहिल्याच सुनावणीला मी माझी स्वतःची रजा टाकून गेले. नवे जिल्हा न्यायाधीश शांत माणूस होते. त्यांनी तो अर्धा कागद उजेडाकडे धरला, मागून पुढून पाहिला, आणि सरकारी वकिलांना विचारलं, "या तारखेचं मुद्देमाल रजिस्टर कुठे आहे?"

जप्त केलेली प्रत्येक वस्तू ठाण्यात ज्या रजिस्टरात चढवतात ते हे रजिस्टर. माणूस डायरीत लिहिला नसेल, पण रेडिओ तरी लिहिला असेल ना? इतकी साधी गोष्ट, आणि पाच वर्षांत कुणी विचारली नव्हती. मी धावतपळत शाळेत आले आणि खडूचे हात झटकत येणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगितलं. मुख्याध्यापकांनी दार लोटून न घेता ऐकलं, आणि शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

पुढचे महिने काय वर्णावे. दर तारखेला सरकारी वकील रजिस्टरऐवजी एक कारण घेऊन यायचे. ठाण्यात रंगकाम चालू आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. जुनी रजिस्टरं दुसऱ्या इमारतीत हलवली आहेत. आमच्याकडे शर्यत लागायची, या वेळचं कारण कोण बरोबर ओळखतो. हरणाऱ्याने चहा द्यायचा. पी.टी.चे सर प्रत्येक वेळी वाळवी सांगायचे आणि प्रत्येक वेळी हरायचे. चित्रकलेच्या सरांनीही अबोला सोडला. त्यांनी आधी एक तास अदलाबदल करून दिला, मग स्वतःहून विचारलं, काय झालं आज? अख्खी शिक्षक-खोली तारखांवर जगत होती. शास्त्राच्या तासाला माझंच लक्ष नसायचं.

त्याच वर्षी चैत्रात सर चार दिवस अचानक गावी गेले. परत आल्यावर रजेच्या अर्जात त्यांनी 'घरगुती काम' असं लिहिलं. वडील कसे आहेत, मी विचारलं. "बा घरी आहेत," ते म्हणाले. पुढे मे महिन्याच्या सुट्टीनंतर विचारलं, तेव्हाही तेच. दिवाळीत विचारलं, तेव्हाही तेच, त्याच आवाजात. एकच नवीन गोष्ट माझ्या नजरेला आली होती. पाऊण वाजता डबा उघडला की ते भाकरीचा पहिला तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे आणि मगच खायचे. आणखी एक विक्षिप्तपणा, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

दिवाळीनंतरच्या तारखेला रजिस्टर आलं.

एक पोलीस ते बगलेत घेऊन दारातून आत आला तेव्हा मी सरांचं कोपर इतकं दाबलं की त्यांनी माझा हात सोडवून घेतला. लाल फडक्यात बांधलेलं, कोपरे झिजलेलं जाडजूड बाड. न्यायाधीशांनी ते स्वतः उघडलं. पानं उलटली. बोट खाली खाली आणलं. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, ट्रान्झिस्टर रेडिओ एक, चामडी कव्हरसह. त्यापुढे तारीख. त्यापुढे, कोणाकडून घेतला त्या रकान्यात, सरांच्या वडिलांचं पूर्ण नाव, गावासकट. पुढच्या रकान्यात परत दिल्याची तारीख, चार दिवसांनंतरची, त्या अर्ध्या कागदावर होती तीच.

मी भर कोर्टात टाळी वाजवली. पट्टेवाल्याने डोळे वटारले. वकीलसाहेब तपकिरीची चिमूट तशीच धरून बसले होते. सर खाली मान घालून पुटपुटत होते, "आलं. नाव आलं." पुढच्या महिन्यात युक्तिवाद, आता घाबरायचं कारण नाही, वकीलसाहेब म्हणाले. परत येताना सर उतारावर सायकलवरून उतरायलाच विसरले. मी मागे धावते आहे आणि हे घंटी वाजवत थेट पुलावर. तिथे भान आल्यावर एका भाजीच्या गाडीला टेकून उभे राहिले, धापा टाकत, आणि हसले. शाळेत त्या संध्याकाळी चिवडा आणि जिलेबी झाली. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नाही, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक आहे.

दुसऱ्याच दिवशी सर आठवड्याची रजा टाकून गावी गेले. सोमवारी आले. शिक्षक-खोलीत सगळे जमेपर्यंत उभेच राहिले आणि मग म्हणाले, "माझे वडील वारले."

आम्ही सगळे उठलो. मुख्याध्यापकांनी हळू आवाजात विचारलं, कधी? सरांनी तारीख सांगितली. चैत्रातली. वेळही सांगितली, पहाटे चार वाजून वीस मिनिटं.

कुणाला काही समजेना. आठ महिन्यांपूर्वी? मग सरांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. त्यांच्या पाड्यावर माणसाचा श्वास एका दिवशी जातो आणि माणूस दुसऱ्या दिवशी. भात निघाल्यावर, नव्या तांदळाचं जेवण सगळ्या नात्यागोत्याला घालून, शेताच्या बांधावर त्याच्या नावाचा चिरा, म्हणजे कोरलेला दगड बसवायचा. तो बसेपर्यंत माणूस घरातच असतो. त्याला घास ठेवायचा. तो गेला असं कुणी तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं तर तो वाट चुकतो. चिरा गेल्याच आठवड्यात बसला होता.

"मी गणित शिकवतो, बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हे सगळं मला कळतं. पण बापाला वाट चुकवायची माझी छाती झाली नाही."

माझे डोळे भरून आले, ते मी सगळ्यांदेखत पुसले. आणि मग मला वकीलसाहेब आठवले. हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

आम्ही त्याच दुपारी त्यांच्याकडे गेलो. ते आधी सांत्वनाचं बोलले. मग तारीख विचारली, चिऱ्याची रीत ऐकून घेतली आणि बोटांवर महिने मोजले. अपील करणारा वारला की नव्वद दिवसांत त्याचे वारस कोर्टाला कळवून त्याच्या जागी लावून घ्यावे लागतात, ते म्हणाले. नाही लावले तर अपील आपोआप संपतं. तुमचं अपील आषाढातच मेलं. रजिस्टर आलं त्या दिवशी आपण सगळे मेलेल्या अपिलात टाळ्या वाजवत होतो.

सर खुर्चीत ताठ बसले होते. वकीलसाहेबांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, पाड्यावर जन्ममृत्यूची नोंद कोण ठेवतो? दगड बसला ती तारीख लिहा. आणि तुमच्या रीतीने ते खोटंही नाही. तुमचे वडील गेल्याच आठवड्यात गेले.

मी तर उडीच मारली. लिहा सर, मी म्हणाले, लगेच लिहा, तुमची आईसुद्धा हेच सांगेल. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण खूप बोलले. हातची बाजी अशी जाते आहे हे मला बघवत नव्हतं. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी डायरीत खोटं लिहिलं म्हणून तर आपण इथे आलो," ते म्हणाले. "दोन्ही तारखा लिहा. दोन्हींचं कारण लिहा. मग कोर्ट काय म्हणेल ते."

प्रतिज्ञापत्रात दोन्ही तारखा गेल्या. चिऱ्याची सगळी रीत वकीलसाहेबांनी दीड पानात लिहिली, आणि इतकं सुरेख लिहिलं की मला पुन्हा आशा वाटू लागली. सुनावणीला शाळेतले पाच जण गेलो. सरकारी वकील उभे राहून म्हणाले, अपील संपलेलं आहे, रजिस्टरचा विषयच उरत नाही. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र शांतपणे पूर्ण वाचलं. मग त्यांनी सरांना उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात?"

"हो."

"काय शिकवता?"

"गणित."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, डोळ्यांवर हात फिरवला आणि चष्मा पुन्हा लावला. माझी आशा तिथेच गेली.

आठवड्याने निकाल आला. अपील मुदतीत वारस न लावल्याने संपुष्टात आलेलं आहे, आणि झालेला उशीर माफ करता येत नाही. पाड्यावरच्या निरक्षर माणसाच्या हातून असा उशीर झाला असता तर न्यायालयाने विचार केला असता, पण मयताचा मुलगा सुशिक्षित आहे, गणिताचा शिक्षक आहे, दिवस मोजणं त्याला अवघड नव्हतं. मी तो परिच्छेद तीनदा वाचला आणि रागाने रडले. न्यायाधीश माणूस वाईट नव्हता, त्यामुळे राग काढायचा कुणावर हेही कळेना. रजिस्टर लाल फडक्यात बांधून आलं तसं परत गेलं. त्यातल्या त्या पानाबद्दल निकालात एक ओळ नव्हती.

वकीलसाहेब म्हणाले, मुंबईला हायकोर्टात जाता येईल. सर म्हणाले, आधी आईला विचारतो. निकाल तिला वाचून दाखवायला ते रविवारी निघाले, आणि मी आणि चित्रकलेचे सर त्यांच्यासोबत निघालो. पेठची एसटी, आणि पुढे दीड तास पायी. सरांच्या हिशोबाने एक तास बावीस मिनिटं. शेताच्या बांधावर चिरा उभा होता, अजून नवाकोरा. वर सूर्य आणि चंद्र कोरले होते, खाली माणूस, आणि कोरणाऱ्याने त्या माणसाच्या छातीवर एक चौकोन आणि चौकोनात एक गोल काढला होता. चित्रकलेचे सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

सरांची आई ओसरीवर बसली होती. बारीक, काळीसावळी, कपाळावर गोंदण. आम्हाला पाणी देऊन ती समोर टेकली. सरांनी निकाल उघडला आणि एक एक वाक्य तिला समजावून सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "तो चोर व्हता असं लिवलंय?"

"नाही."

"चोर नव्हता, असं?"

"तसंही नाही."

"मग काय लिवलंय?"

"बा मेला, असं लिहिलंय," सर म्हणाले. "आणि मी वेळेवर सांगितलं नाही, असं."

सरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि मग ज्या माणसाला मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं तो माणूस अडखळत बोलायला लागला. लायसन माझ्या ट्रंकेत होतं, आये. बाच्या जवळ ठेवायला हवं होतं. भिजेल म्हणून मी ठेवलं नाही. कागद असता तर त्यांनी त्याला सोडलं असतं. मला ते कोर्टाकडून तरी पुसून घ्यायचं होतं, तेही झालं नाही.

हे त्यांनी इतक्या वर्षांत तिला एकदाही सांगितलं नव्हतं. तिने ते ऐकलं आणि नवल वाटल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"कोणता कागद?" ती म्हणाली. "त्याला कुणी कागद इचारलाच नाय. तो मला सांगायचा. आत नेलं आन् मारायला लागले. कागद इचारला असता तर त्याला ठावं व्हतं ना, पोराकडं हाय म्हणून. त्याने सांगितला असता."

चित्रकलेच्या सरांनी तोंड फिरवलं. मी सरांकडे बघत होते. मग त्यांनी आईला पुन्हा विचारलं, "अजिबात नाही विचारला?"

"अजिबात नाय," ती म्हणाली आणि आमच्यासाठी भाकरी थापायला आत गेली.